मद्याचा वाद आणि मद्यप्याचें शरीर

इ. स. १९०८ च्या उन्हाळ्यांत पुणें शहरांतील दारूच्या दुकानांपुढें एक नवीनच देखावा दिसूं लागला होता. चांगल्या घरांतील शिकलेसवरलेले तरुण गुत्त्याच्या वाटेवर उभे राहत आणि येणाऱ्या गिऱ्हाइकास हात जोडून परत फिरण्याची विनंति करीत. लोकमान्य टिळकांचें ह्या चळवळीस पाठबळ होतें. मवाळ पक्षांतील पुष्कळांची सहानुभूति होती. आणि शहरांतील मद्यपाननिषेधक मंडळाचे अध्यक्ष डॉ. हॅरोल्ड मॅन हे तर जातीनें इंग्रज व हुद्द्यानें सरकारी शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. एरवीं एकमेकांच्या वाऱ्यास उभीं न राहणारीं माणसें ह्या एका प्रश्नावर एकत्र आलेलीं पाहून सरकार चपापलें. मनाईचे हुकूम सुटले, स्वयंसेवकांवर खटले झाले, आणि जून महिन्यांत खुद्द टिळकांनाच राजद्रोहाच्या आरोपाखालीं अटक झाल्यावर लोकांचें लक्ष साहजिकच तिकडे वेधलें.

त्या वादांत दोन्ही पक्षांनीं काय काय म्हटलें हें पाहण्यासारखें आहे. सरकारपक्षाचें म्हणणें असें कीं, परवाना काढून चालविलेल्या धंद्यास अडथळा करण्याचा अधिकार कोणास नाहीं. लोकपक्षाचें म्हणणें असें कीं, हिंदूंचा व मुसलमानांचा असे दोन्ही धर्म मद्य निषिद्ध मानीत असतां सरकारनें त्याचे मक्ते देऊन पैसा कां मिळवावा; आणि रस्त्यावर उभें राहून आपल्या देशबंधूची समजूत घालण्याचा हक्क नागरिकास नाहीं काय? धर्म, महसूल, राष्ट्र आणि हक्क हे चारही मुद्दे लहान नव्हेत. परंतु जो मनुष्य त्या दुकानांत शिरत होता, त्याच्या यकृतांत, मेंदूंत व रक्तांत काय होत होतें, ह्याचा उल्लेख झाला तो ओझरता. आमचें असें मत आहे कीं, हा प्रकार त्या एका वर्षाचा नाहीं. पुण्याच्या गेल्या अडीचशें वर्षांच्या इतिहासांत दारूवर जितकी चर्चा झाली, तींत पिणाऱ्याचा आत्मा, त्याची जात, त्याचा पैसा व त्याचें राष्ट्र ह्यांची चौकशी भरपूर झाली; शरीराची मात्र फारच थोडी. त्यामुळें मद्यपी हा कधीं पापी ठरला, कधीं उत्पन्नाची बाब ठरला, कधीं देशाचा कलंक ठरला. रोगी ठरण्यास त्याला फार वाट पाहावी लागली.

ही उपेक्षा आमच्या परंपरेंत मूळची होती असेंही नाहीं, आणि हीच मोठी नवलाची गोष्ट आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत मदात्ययावर एक स्वतंत्र अध्याय आहे; सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत पानात्ययावर आहे. चरकाचा सूर उपदेशकाचा नसून वैद्याचा आहे. विधिपूर्वक व मात्रेनें घेतलेल्या मद्याची तो स्तुतिही करतो, म्हणून आजच्या वैद्यकाशीं त्याचें सर्वस्वीं जुळणार नाहीं. परंतु मद्याचे दहा गुण शरीरांतील ओजाच्या दहा गुणांशीं कसे विरुद्ध आहेत, मदाच्या तीन अवस्था कोणत्या, तिसरींत मनुष्य लांकडासारखा कसा पडतो, हें तो क्रमानें सांगतो. त्याहून मार्मिक म्हणजे, कांहीं काळ मद्य सोडून पुन्हां एकदम अतिरेकानें पिऊं लागणाऱ्यास ध्वंसक व विक्षय असे दोन निराळे विकार होतात, ही त्याची नोंद. व्यसन सुटतें, पुन्हां जडतें, आणि जडतें तेव्हां पहिल्याहून घातक होतें, एवढें निरीक्षण ज्या वैद्यानें केलें त्यानें मद्यपी माणसें जवळून व पुष्कळ दिवस पाहिलीं असलीं पाहिजेत. हें ज्ञान पोथ्यांत राहिलें. स्मृतिकारांनीं सुरापानास महापातकांत बसविलें, आणि समाजाच्या तोंडीं वैद्याचा शब्द न राहतां स्मृतिकाराचा राहिला.

पापाची भाषा न बोलतां शरीराची भाषा बोलणारा ह्या देशाच्या इतिहासांतील सर्वांत स्पष्ट साक्षीदार म्हणजे जहांगीर बादशहा. त्याची साक्ष पुण्यापासून दूरची असली तरी तिचा महाराष्ट्राशीं संबंध आहे. त्याचा भाऊ मुराद दक्षिणेच्या मोहिमेवर असतां १५९९ सालीं पूर्णा नदीच्या कांठीं, जालन्याच्या बाजूस, अतिमद्यपानानें झिजून वारला, वय २८. त्याच्या जागीं आलेला दुसरा भाऊ दानियाल १६०५ सालीं बऱ्हाणपुरास त्याच मार्गानें गेला; त्याचें वय ३३ च्या आंतबाहेर. दानियालवर अकबरानें पहारे बसविले होते, पण एका विश्वासू नोकरानें बंदुकीच्या नळींतून दोनदां गाळलेली दारू चोरून आणली आणि ती पिऊन तो जो पडला तो उठला नाहीं, असें जहांगीर आपल्या आत्मचरित्रांत लिहितो. नळींतल्या गंजामुळें दारू विषारी झाली अशी त्याची समजूत दिसते. आम्हांस वाटतें कीं, त्या गंजाला फांशीं देण्यापूर्वीं आधींच्या दहा वर्षांची चौकशी करणें न्यायाचें होईल.

जहांगीर स्वतःविषयीं जें सांगतो तें अधिक मोलाचें आहे. अठराव्या वर्षीं लागलेली संवय नऊ वर्षांत दोनदां गाळलेल्या दारूच्या वीस प्याल्यांवर गेली, चौदा दिवसा व सहा रात्रीं. हात इतके कांपूं लागले कीं प्याला दुसऱ्यानें तोंडाशीं धरावा लागे. तेव्हां हकीम हुमाम ह्यानें त्यास स्पष्ट सांगितलें कीं, असेंच चाललें तर सहा महिन्यांत उपाय चालणार नाहीं. मग बादशहानें दारूंत द्राक्षासव मिसळून व प्याले कमी करीत करीत सात वर्षांत तें प्रमाण सहांवर आणलें. हकिमानें धर्मग्रंथ उघडला नाहीं, मुदत सांगितली. आणि रोग्यानेंही एका दिवसांत शपथ न घेतां हळूहळू उतार केला. आजच्या डॉक्टरास सहा प्याले मान्य होणार नाहींत, पण उतार करण्याची पद्धत त्यास ओळखीची वाटेल.

आतां पुण्याकडे वळूं. पेशवाईंत मद्याविषयींची राजनीति कडक होती, विशेषतः थोरल्या माधवरावांच्या व त्यानंतरच्या काळांत. शहरांत मद्यविक्रीला बंदी. मद्यप्राशन केलेल्या ब्राह्मणांस किल्ल्यांवर कैदेंत पाठविल्याचे दाखले पेशव्यांच्या दप्तरांत आहेत. ह्या कडकपणाचा परिणाम झाला नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. पण बंदीचें कारण काय, हें पाहिलें म्हणजे तिचा स्वभाव कळतो. पेशव्यांच्या तोफखान्यांतील फिरंगी, म्हणजे किरिस्तांव गोलंदाजांना आपल्यापुरती भट्टी लावण्याची सवलत होती. जें ब्राह्मणाच्या घशाखालीं गेलें असतां किल्ल्याची वाट दाखवीत होतें, तेंच गोलंदाजाच्या घशाखालीं गेलें असतां चालत होतें. दोघांच्या जाती निराळ्या होत्या. यकृत निराळें नव्हतें. राज्यकर्त्यांस भ्रष्टाचाराची भीति होती, रोगाची नव्हती. म्हणूनच, आमच्या समजुतीप्रमाणें, राज्य जातांच बंदीही सहज गळून पडली. जिच्यामागें दंडाशिवाय दुसरें कारण लोकांना कधीं सांगितलें गेलें नव्हतें ती दंड नाहींसा झाल्यावर टिकावी कशी?

त्याच काळांतील एका फार मोठ्या पुरुषाचें उदाहरण येथें घेतल्याशिवाय गत्यंतर नाहीं. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरच्या रणांगणावर शिंदे व पेशवे ह्यांच्या संयुक्त फौजेचा पराभव करून यशवंतराव होळकर पुण्याचे स्वामी झाले. पुढें इंग्रजांशीं त्यांनीं दिलेली झुंज सर्वश्रुत आहे. १८०५ च्या अखेरच्या तहानंतर ते भानपुऱ्यास राहून तोफा ओतण्याच्या कामीं लागले. भट्टीच्या धगीजवळ स्वतः राबत, झोप कमी, आणि मद्य अतोनात. त्यांच्यासाठीं मुंबईच्या दुकानांतून चेरी ब्रँडी व रास्पबेरी ब्रँडी इतकी जाई कीं बाजारांत तिचा तुटवडा पडे, असें माल्कम लिहितो. १८०८ सालीं बुद्धिभ्रंश उघड झाला. तत्पूर्वीं, आपण आतां बोललेलें पुढच्या क्षणीं आठवत नाहीं, कांहीं औषध द्या, असें ते स्वतःच जवळच्यांस म्हणत, अशीही माल्कमची नोंद आहे. पुढें त्यांस बांधून ठेवण्याची पाळी आली आणि २८ ऑक्टोबर १८११ रोजीं त्यांचा अंत झाला; वय सुमारें ३५.

माल्कम हा त्यांच्या शत्रुपक्षाचा. त्याचें प्रत्येक वाक्य जपून घेतलें पाहिजे हें खरें. दोन शतकांपूर्वींच्या माणसाचें रोगनिदान कागदावरून करण्याचा अधिकार इतिहासकारास नाहीं, हेंही खरें. बुद्धिभ्रंशाचीं कारणें अनेक असतात, आणि पुतण्या व भाऊ ह्यांच्या मृत्यूंचें ओझें त्यांच्या मनावर नव्हतें असें कोण म्हणेल? परंतु अतिमद्यपानानें व त्याबरोबर येणाऱ्या उपासमारीनें शरीरांतील थायामीन हें जीवनसत्त्व संपतें आणि ताज्या घटनेची स्मृति प्रथम नष्ट होते, हें आज वैद्यकास ठाऊक आहे; ह्या विकारांचीं वर्णनें वेर्निके ह्यानें १८८१ त व कोर्साकोव्ह ह्यानें १८८७ च्या सुमारास केलीं. आमचा मुद्दा निदानाचा नसून दृष्टीचा आहे. इंग्रज लेखकांनीं यशवंतरावांचें मद्यपान दुर्गुण म्हणून रंगविलें. आमच्या अभिमानी लेखकांनीं तो आरोप समजून एक तर नाकारला किंवा दोन ओळींत उरकला. औषध द्या म्हणणाऱ्या त्या माणसाकडे रोगी म्हणून कोणींच पाहिलें नाहीं.

इंग्रजी अमलांत प्रश्नाचें स्वरूपच पालटलें. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें दारू गाळण्याचा व विकण्याचा सर्व व्यवहार सरकारच्या मुठींत आला. मक्तेदारांकडून ठराविक उत्पन्नाची हमी घेतली जाई आणि जो मक्तेदार अधिक हमी देईल तो अधिक दारू खपवील हें सांगावयास नकोच. ह्याच सुमारास, जुलै १८८० मध्यें, पुणें नगरपालिकेचे एक सभासद जोतीराव फुले ह्यांनीं शहरांत दारूचीं दुकानें वाढत चाललीं असून त्यांपायीं संसार धुळीस मिळत आहेत, अशी लेखी तक्रार नगरपालिकेच्या कारभाऱ्यांकडे केली. ही तक्रार धर्मसभेकडे गेली नाहीं, सरकारच्या अबकारी खात्याकडेही प्रथम गेली नाहीं. गटारें साफ करणें, देवी काढणें, पाणी पुरविणें हीं ज्या संस्थेचीं कामें तिच्यापुढें गेली, ह्यांत आम्हांस मोठा अर्थ दिसतो. पटकीचें पाणी जर नगरपालिकेचा विषय, तर गुत्ता कां नव्हे? उत्पन्नाच्या हिशेबापुढें ह्या प्रश्नाचें जें व्हावयाचें तेंच झालें.

मग त्या काळीं दारूनें बिघडलेल्या शरीराचा हिशेब कोणींच ठेवीत नव्हतें काय? ठेवीत होते, पण तो गोऱ्या शिपायांचा. हिंदुस्थानांतील इंग्रजी सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचा अहवाल १८६३ सालीं बाहेर पडला, आणि छावण्यांतल्या कँटीनमधून शिपायांस जी कडक दारू मिळे तिजवर फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं त्या वेळीं कठोर टीका केली. पुणें व खडकी ह्यांसारख्या छावण्यांत यकृताच्या विकारानें आजारी पडणाऱ्या शिपायांची गणती होई. गंमत अशी कीं, दोष बहुधा येथल्या उन्हाला दिला जाई! त्यांतलें कांहीं दुखणें आमांशाच्या जंतूंमुळें होणाऱ्या यकृतांतील गळवाचें होतें, हें पुढें सिद्ध झालें. कांहीं दारूचें होतें. उन्हाचें मात्र नव्हतें. छावणीच्या हद्दीबाहेर, भवानी पेठेंत किंवा मंगळवारांत, तीच दारू पिऊन पोटांत पाणी होऊन मरणाऱ्या हमालाची नोंद जलोदर ह्या नांवानें झाली असेल, किंवा झालीही नसेल.

युरोपांत ह्या वेळेपर्यंत पुष्कळ उलगडा झाला होता. मद्यप्यांच्या यकृतावर गांठी येऊन तें कठीण होतें, हें मॅथ्यू बेली ह्यानें १७९३ त लिहिलें. लेनेक ह्यानें १८१९ त त्या विकारास पिंगट रंगावरून सिरोसिस हें नांव दिलें. ट्रॉटर नांवाच्या आरमारी डॉक्टरानें १८०४ त मद्यासक्ति हा मनाचा रोग आहे असें धाडसानें प्रतिपादिलें. सटन ह्यानें १८१३ त डेलिरियम ट्रेमेन्स हें नांव रूढ केलें. आणि स्वीडनच्या मॅग्नस हुस ह्यानें १८४९ त ह्या सर्व विकारांस मिळून अल्कोहोलिझम ही संज्ञा दिली. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ त निघालें, पुण्याचें ससून रुग्णालय १८६७ त उभें राहिलें, १८७८ त येथें वैद्यकीय शाळा आली. म्हणजे हें ज्ञान पुण्यांत नव्हतें असें नाहीं. पण तें इंग्रजींत आलें व इंग्रजींतच राहिलें. मराठीची स्थिति तर अशी कीं, खाटकाच्या दुकानांत जी 'कलेजी' तोच अवयव 'काळीज' म्हणून आमच्या बोलण्यांत आला आणि हृदयाच्या जागीं जाऊन बसला. काळीज तुटतें, फाटतें, पाणी पाणी होतें, पण तें दारूनें सुजतें असें म्हणण्याची सोय भाषेंत उरली नाहीं.

ही उणीव भरून काढण्याचें श्रेय कोणा डॉक्टरापेक्षां एका नाटककारास अधिक द्यावें लागेल. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारींत वारले आणि 'एकच प्याला' रंगभूमीवर आलें तें त्यांच्या मागें, गंधर्व नाटक मंडळीकडून. ह्या नाटकानें महाराष्ट्राला रडविलें तें सिंधूसाठीं, हें सर्वांस ठाऊक आहे. आणि टीकाकारांनींही सिंधूच्या पातिव्रत्यावरच शाई खर्च केली. आम्हांस मात्र त्यांतील सुधाकर अधिक अभ्यसनीय वाटतो. तो बुद्धिमान् वकील आहे. सनद कांहीं काळ रद्द झाल्याच्या अपमानांत तळीरामाच्या हातून पहिला प्याला घेतो. पुढें पश्चात्ताप होऊन सोडण्याचा निश्चय करतो, मनापासून करतो, आणि तरी पुन्हां तिकडेच वळतो. नीतिबोधाच्या नाटकांत पश्चात्ताप झाला कीं पात्र सुधारावयाचें असतें. गडकऱ्यांनीं तसें होऊं दिलें नाहीं. निश्चय खरा असूनही तो पुरेसा नसतो, ही गोष्ट मराठी प्रेक्षकानें प्रथम ह्या नाटकांत पाहिली असेल. आणि तळीरामाच्या आजारपणांत डॉक्टर व वैद्य ह्यांची जी हास्यकारक झोंबाझोंबी आहे, तींत आमच्या समाजाचें वैद्यकीय अज्ञान आपोआप उमटलें आहे: दोघे एकमेकांच्या शास्त्रावर तुटून पडतात, रोगी तसाच राहतो.

हें अज्ञान नाटकापुरतें नाहीं. आमच्या परिचयाचे एक संस्कृतचे प्राध्यापक होते. विद्वत्ता मोठी, वाणी रसाळ. संध्याकाळीं दोन पेग घेण्याची संवय, दोहोंचे पुढें पांच सहा झाले. ते कधीं झिंगले नाहींत, वर्ग कधीं चुकविला नाहीं, म्हणून त्यांस मद्यपी म्हणण्याचें आमच्यापैकीं कोणाच्या मनांतही आलें नाहीं. एका पावसाळ्यांत डोळे पिवळे झाले, पोट फुगलें. एका रात्रीं रक्ताची उलटी झाली आणि चौथ्या दिवशीं ते गेले. घरच्यांनीं सर्वांस कावीळ सांगितली, आणि आम्हीं सर्वांनीं ती मान्य केली, कारण दुसरा शब्द उच्चारणें म्हणजे मृताची अब्रू घेणें असें सर्वांस वाटत होतें. गुत्त्यापुढें झिंगून पडणारा तोच दारुडा, अशी जी आमची व्याख्या आहे, तिनें अशीं किती माणसें मारलीं असतील?

वस्तुतः यकृतास झिंग कळत नाहीं, प्रमाण कळतें. विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या दारूच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगांत सुमारें १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, आणि एवढ्याचा निकाल लावण्यास शरीरास एक तासाहून थोडा अधिक काळ लागतो. यकृत प्रथम त्याचें ॲसिटाल्डिहाइड करतें, जें मद्याहूनही विषारी आहे, आणि मग त्याचें निरुपद्रवी द्रव्यांत रूपांतर करतें. हें ओझें रोज पडूं लागलें कीं आधीं यकृतांत चरबी सांचते. ही पहिली अवस्था कांहीं आठवडे दारू बंद ठेवल्यास बहुधा ओसरते, म्हणून ती कळणें सर्वांत अगत्याचें. आणि दुर्दैव असें कीं, तींत कांहींच दुखत नाहीं. पुढें सूज येते, मग गांठी व कठीणपणा. यकृत हा इतका सोशिक अवयव आहे कीं, बराच भाग निकामी होईपर्यंत तो तक्रार करीत नाहीं. तक्रार करतो तेव्हां जलोदर, रक्ताची उलटी किंवा कावीळ ह्या रूपानें करतो. रक्तदाब, हृदयाच्या स्नायूंची दुर्बलता, स्वादुपिंडाची सूज हीं निराळींच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९८८ सालींच मद्यास कर्करोगजनकांच्या पहिल्या वर्गांत बसविलें; तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आंतडें व स्त्रियांचे स्तन हीं त्याचीं स्थानें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें २०१९ ह्या एका वर्षीं जगांत सुमारें २६ लक्ष मृत्यु मद्यामुळें झाले, आणि त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या हिंदुस्थानांतील पाहणींत मद्याच्या घातक वापरानें पीडित अशा लोकांची संख्या पांच कोटींच्या वर निघाली. विदेशी दारू चांगली व देशी वाईट हा भेद प्रतिष्ठितांनीं काढलेला आहे. हातभट्टींत मिथेनॉल मिसळलें म्हणजे काय अनर्थ होतो तें २०१५ सालीं मुंबईंत मालवणी येथें शंभरावर माणसें मेलीं तेव्हां दिसलें. परंतु सीलबंद बाटलींतला मद्यार्क तेंच काम सावकाश करतो, एवढाच फरक.

सरकारी धोरणांत आरोग्य व दारू ह्यांची एकदां तरी खरी गांठ पडली होती. १९३७ सालीं मुंबई प्रांतांत आलेल्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळांत आरोग्य व अबकारी हीं दोन्ही खातीं डॉ. मंचेरशा गिल्डर ह्यांच्याकडे होतीं. ते नामांकित हृदयरोगतज्ज्ञ. एक हात दवाखान्यावर व दुसरा गुत्त्यांच्या उत्पन्नावर, अशी ही जागा. आणि त्यांनीं १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरांत दारूबंदी पुकारली. पण वाद पेटला तो रोगावर नव्हे! बुडालेल्या महसुलाच्या भरपाईसाठीं घरमालकांवर जो कर बसला त्याजवर, आणि पारशी व्यापाऱ्यांच्या नुकसानीवर. मंत्रिमंडळानें त्याच वर्षीं राजीनामा दिला व बंदी ढासळली. पुढें १९४३ सालीं पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्यें महात्माजींनीं एकवीस दिवसांचा उपवास केला तेव्हां त्यांच्या प्रकृतीची काळजी वाहणाऱ्यांत हेच डॉ. गिल्डर कैदी म्हणून होते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तो रद्द झालेला नाहीं. त्याची धार १९६० नंतर क्रमाक्रमानें बोथट होत गेली, आणि आज महाराष्ट्रांत परवान्यानें दारू मिळते. हा परवाना कशासाठीं? त्या कायद्यांत पुढें घातलेल्या कलमाप्रमाणें, ज्यास आपल्या आरोग्याच्या रक्षणासाठीं मद्याची आवश्यकता आहे त्यास हा परवाना द्यावयाचा! इतक्या वर्षांच्या वादानंतर कायद्याच्या भाषेंत शरीराला जागा मिळाली ती अशी. वकिलांस ह्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं; चरकाचार्यांस काय वाटलें असतें तें सांगवत नाहीं.

मद्यपी हा रोगी आहे, हा विचार पुण्यांत संस्थेच्या रूपानें उभा राहिला तो १९८६ सालीं. गर्द नांवाच्या विषानें तरुण मुलें मरत असलेलीं पाहून डॉ. अनिल अवचट ह्यांनीं लेखमाला लिहिली, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे ह्यांच्या देणगीनें, डॉ. सुनंदा अवचट ह्यांच्या नेतृत्वाखालीं, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत मुक्तांगण सुरू झालें. निघालें गर्दसाठीं, पण दारूचे रोगीही तेथें मोठ्या संख्येनें येऊं लागले. आगाखान पॅलेस तेथून फार दूर नाहीं. रोग्यानें पस्तीस दिवस राहावयाचें, घरच्यांनींही त्यांत भाग घ्यावयाचा, आणि बरे झालेल्यांनीं नव्यांस हात द्यावयाचा, अशी तेथील रीत आहे. तींत शपथेपेक्षां सोबतीवर भर आहे, हें आम्हांस विशेष वाटतें.

पहिले कांहीं दिवस मात्र सर्वस्वीं वैद्यकाचे असतात. वर्षानुवर्षें पिणाऱ्यानें दारू एकाएकीं थांबविली तर पहिल्या दोन दिवसांत हातापायांस कंप सुटतो, कोणास झटके येतात. तिसऱ्या चौथ्या दिवशीं नसलेलीं माणसें व जनावरें दिसूं लागतात, ताप चढतो, आणि वेळीं उपचार न झाल्यास प्राणही जातो. घरांत कोंडून ठेवून, देवाची शपथ घालून दारू सोडविण्याच्या प्रयत्नांत पूर्वीं किती जण असे गेले असतील त्याची गणती कोणाजवळ नाहीं. भूतबाधा म्हणून त्यांस मांत्रिकाकडे नेलें असेल. आतां थायामीनचीं इंजेक्शनें व कंप शमविणारीं औषधें देऊन हे दिवस निभावून नेतां येतात. त्यासाठीं रोगी दाखल होतांच डॉक्टर जो पहिला प्रश्न विचारतात त्यांत जात, धंदा, पश्चात्ताप ह्यांपैकीं कांहींच नसतें. शेवटचा प्याला कोणत्या दिवशीं, किती वाजतां घेतला, एवढेंच ते विचारतात आणि घड्याळ पाहून तें लिहून ठेवतात.